तुळसाबाईची मूठ

अनसिंगहून जीपने अर्ध्या तासावर असलेल्या एका गावातल्या तुळसाबाईला उजवा हात नव्हता, आणि तोच हात तिचा सहा वर्षं दुखत होता. ज्याला हे पटत नसेल त्याला दोष नाही, गावातल्या निम्म्या लोकांनाही पटलं नव्हतं. पण दुखणं लोकांच्या मताने चालत नाही. कोपराखाली चार बोटांवर हात संपला होता आणि त्यापुढं, जिथं काहीच नव्हतं तिथं, तिची मूठ होती. गच्च आवळलेली, नखं तळव्यात रुतलेली. ती मूठ तिला उघडायची होती. सहा वर्षांत तिनं देवाकडं दुसरं काही मागितलं नाही.

आधी त्या हाताबद्दल सांगायला हवं, कारण तो काही साधासुधा हात नव्हता. पेरणीला बैलांमागं तीन फणांची तिफण चालते. तिच्यावर एक लाकडी वाटी असते, तिला चाडं म्हणतात. तिफणीमागं चालत चालत त्या चाड्यात मुठीतून बी सोडायचं, की ते नळ्यांमधून तीन ओळींत जमिनीत उतरतं. ऐकायला सोपं आहे. मूठ सैल पडली की बी दाट पडतं, आवळली की ओळीत खंड पडतात, आणि उगवून आलं की सगळ्या गावाला दिसतं पेरणारा कसा होता ते. चाड्यावर बहुतेक घरी पुरुषाचा हात. भागवतच्या घरी मात्र उलटं होतं. भागवत बैल हाकायचा आणि चाड्यावर त्याची बायको, तुळसाबाई, लग्नाच्या दुसऱ्या वर्षापासून. कारण भागवतने पेरलेलं शेत न्हाव्याने घाईत केलेल्या दाढीसारखं दिसतं, हे खुद्द त्याची आई कस्तुराबाई, तुळसाबाई जिला आत्याबाई म्हणायची, चारचौघांत सांगायची.

ही विद्या तुळसाबाईला बापाकडून आली. शिरपूरकडचा तो कोरडवाहू माणूस. अंगणात पांढरं धोतर अंथरायचा, पोरीच्या मुठीत ज्वारी द्यायचा आणि तिला धोतरावरून चालायला लावायचा. मग दोघं वाकून दाणे कसे पडले ते बघायचे. "बी टाकू नको वं माय," तो म्हणायचा, "सुटू दे. टाकलेलं बी अन् सुटलेलं बी जमिनीले येगळं समजते." जमिनीला खरंच समजतं की नाही देव जाणे, पण तुळसाबाईला समजायला लागलं. एकदा शिरपूरच्या जत्रेत तंबूतल्या सिनेमात बापलेकींनी लोखंडी हाताचा माणूस पाहिला. एका बुक्कीत भिंत पाडत होता, पोरं शिट्ट्या मारत होती. बाहेर आल्यावर बाप म्हणाला, "हात तं जबरा हाय, पण त्याच्यानं पेरनं होईन का?"

तिचा हात गेला तो सोयाबीन काढताना, थ्रेशरमध्ये. काडाचा पुंजका आत लोटला आणि पुंजक्यामागं हात गेला. काड सोडून दिलं असतं तर कदाचित वाचला असता, पण हातात धरलेलं सोडायची तिला सवय नव्हती. अकोल्याच्या दवाखान्यात शुद्धीवर आली तेव्हा घरचे सगळे रडत होते. ती मात्र रडली नाही. हात गेला म्हणतात, गेला कुठं, हा काय इथं आहे, मूठ वळलेली आहे, असं तिला चक्क कळत होतं. हाताचं जे उरलं होतं ते भागवतने फडक्यात बांधून शेतात नेऊन पुरलं. कुठं, हे त्याने सांगितलं नाही आणि तिनंही विचारलं नाही. आपला हात आपल्यापाशी असताना विचारायचं कशाला?

त्यानंतर पेरणी ट्रॅक्टरवर गेली. बैल डवऱ्यापुरते, पिकातलं तण काढण्यापुरते राहिले आणि तिफण गोठ्यात आढ्याला टांगली गेली. ट्रॅक्टरवाल्याला भागवत दरवर्षी बांधाकडचा एक कोपरा सोडायला लावायचा. "तेवढं हातानं पेरतो मी," म्हणायचा आणि कधी पेरायचा नाही. तुळसाबाई त्याला आळशी म्हणायची, तो ऐकून घ्यायचा. एक गोष्ट मात्र त्याने कधी चुकवली नाही. दुपारी जेवायला बसलं की पहिला घास घेण्याआधी विचारायचा, "उघडली का वं?"

"नाई."

मग तो जेवायचा. सहा वर्षं, रोज. बाकी गावाने दोन दिवस हळहळ केली आणि नंतर गंमत केली. झाकली मूठ सव्वा लाखाची, असं पारावरच्या एका शहाण्याने म्हटलं, ते तिला फार लागलं. म्हणणाऱ्याच्या तळव्यात नखं रुतत नसतात.

यंदा पोळ्यानंतर वाशिमला एका संस्थेचं शिबिर होतं, यंत्राचे हात देण्याचं. भागवत तिला घेऊन गेला. तिथं मंजुषा नावाची पोरगी होती, रिसोडची, नागपूरला शिकून आलेली. बोलायची पुस्तकात लिहिल्यासारखं, पण मध्येच रिसोड डोकं वर काढायचं. तिनं काळ्या बोटांचा एक हात तुळसाबाईच्या कोपराला चढवला. "मावशी, तुमचा हात गेला, पण त्याला हुकूम देणारे स्नायू इथंच आहेत. तुम्ही मनात मूठ मिटायची. हा कातडीवरून तो हुकूम ऐकतो."

"म्हंजे याले मनातलं ऐकू येते?"

"तेवढंच. बाकीचं नाही."

"बरं झालं. बाकीचं आमच्या आत्याबाईले कळलं असतं तं घर फुटलं असतं."

मंजुषा हसली. तुळसाबाईने मनात मूठ मिटली, म्हणजे मिटलेली होती ती आणखी आवळली. कुर्र आवाज झाला आणि काळी बोटं एकामागून एक मिटली. भागवत खुर्चीतून उठून उभा राहिला. सिनेमातली गोष्ट वाशिमला भर दुपारी, ट्यूबलाइटखाली, टेबलावरच्या पाण्याच्या बाटलीला धरून बसली होती.

"आता उघडा."

काही झालं नाही. कपाळावर घाम आला, बाटली चुरमडली. हात उघडेना. मंजुषाने मनगटाच्या दोन बाजूंची बटणं दोन्ही हातांनी एकदम दाबून तो सोडवला.

"ते उघडत नाई, बाई," तुळसाबाई खाली बघत म्हणाली. "सहा वर्षं झाले. मिटलेलीच हाय."

यावर लोक हसतात, नाहीतर एकमेकांकडं बघतात. मंजुषाने पेन खाली ठेवलं. "नसलेला हात दुखतो, हो ना? असं लय जणायले होते, मावशी. मेंदूला हात गेल्याचं कळलेलंच नसतं."

"म्हंजे मी येडी नाई."

"अजिबात नाही."

पण नियम तो नियम. हात थोडे होते आणि मागं एकवीस जणांची यादी होती. ज्याला मिटता आणि उघडता दोन्ही येईल त्यालाच हात मिळायचा. मंजुषाने सरावासाठी तो दिवाळीपर्यंत दिला. तोवर उघडता आला तर तुळसाबाईचा, नाहीतर पुढच्याचा.

घरी भिंतीतल्या एका प्लगला भागवतचा मोबाइल आणि दुसऱ्याला तुळसाबाईचा हात, असं सुरू झालं. गावातले लोक बघायला येत आणि चहा पिऊन जात. हात धरायचा मात्र खरा. चहाचा कप धरला की धरला, मग भागवतला हाका मारायच्या, तो येऊन दोन्ही हातांनी बटणं दाबणार. एकदा त्या यंत्राच्या हाताने कस्तुराबाईचा पदरच पकडला. भागवत गोठ्यात होता आणि म्हातारीच्या बोटांत बटणं दाबण्याइतका जोर नव्हता. पंचाहत्तर वर्षांची सासू आणि बावन्न वर्षांची सून घरभर जोडीने फिरल्या. "घरी मी होती तेवढी पुरी नव्हती काय," कस्तुराबाई करवादली, "का धरून ठेवणारा आणखी एक आणला?" दोघी हसल्या. पण संध्याकाळी तुळसाबाई ओट्यावर एकटी बसून मनातल्या मनात एकेका बोटाची मनधरणी करायची. ये बाप्पा, सुट. बोटं ऐकत नव्हती. पोळा मागं पडला, गणपती गेले, नवरात्र बसलं. हात परत जाणार हे तिला दिसायला लागलं.

दसऱ्याला अवजारांची पूजा असते. विळे, खुरपी, डवरा, वखराची लोखंडी पास, भागवतची मोटारसायकल, सगळं धुऊन अंगणात मांडायचं, हळदकुंकू वाहायचं, झेंडूची फुलं ठेवायची. तुळसाबाई सकाळी फुलं आणायला गेली होती. परत येऊन बघते तर रांगेत विळा आणि खुरप्याच्या मध्ये तिचा हात. कस्तुराबाईने तो प्लगवरून काढून बादलीत बुडवून लख्ख धुतला होता आणि पाचही बोटांना कुंकू लावलं होतं.

तुळसाबाईच्या हातातली फुलं खाली पडली. "आत्याबाई, हे काय करून ठेवलं तुमी?"

"काय केलं? ज्याच्यावर पोट भरते त्याले पुजावं लागते. सालभराचा सण हाय."

"हात काय अवजार हाय?"

"मंग काय हाय?"

"तुमचा हात ठेवला काय त्या रांगेत? काहून नाई ठेवला? माहा बरा सापडला!"

तुळसाबाई तशीच घरात निघून गेली आणि दाराला टेकून बसली. तो पाण्यात बुडाला याचा राग होताच. पण विळ्याशेजारी तो हात तिला खरंच अवजारासारखा दिसला होता, आणि ते तिला सहन झालं नव्हतं.

हात बंद पडला. फोनवर मंजुषाने सांगितलं की सुरू करायचा प्रयत्न करू नका, आधी पूर्ण सुकू द्या. कस्तुराबाईने कुठंतरी ऐकलं होतं की भिजलेला मोबाइल तांदळात ठेवतात. तांदूळ घरात किलोभर होता, तेवढ्यात बोटंही बुडली नसती. म्हणून म्हातारीने कुणाला न विचारता तो हात पेरणीसाठी राखलेल्या हरभऱ्याच्या कोठीत खोल पुरून ठेवला.

दुसऱ्या दिवशी सकाळी तुळसाबाई तो काढायला गेली. डावा हात कोपरापर्यंत बियाण्यात घातला. आत गारवा होता. काळी बोटं हाताला लागली, पण ती बाहेर ओढायच्या आधी तिची मूठ आपोआप हरभऱ्याने भरली. सहा वर्षांत तिनं बियाण्यात हात घातला नव्हता, मुद्दामच घातला नव्हता. मूठ वर आली. डाव्या हाताला पेरणं कधी शिकवलं नव्हतं, तरी तिनं डोळे मिटले आणि बी सोडलं. करंगळीकडून दोन, मग तीन, मग धार. सुटू दे वं माय.

आणि उजवीकडं, जिथं काही नव्हतं तिथं, करंगळी सैल झाली.

तिनं पुन्हा मूठ भरली, पुन्हा सोडली. कोठीशी ती तासभर उभी होती.

दुपारी भागवतने विचारलं, "उघडली का वं?"

"करंगळी."

त्याचा घास हातातच राहिला. दारात कस्तुराबाई उभी होती, कालपासून सुनेशी बोलली नव्हती. "बिघडलाच ना तो माह्यानं?" तिनं विचारलं.

"नाई आत्याबाई. तुमी ठेवला तिथंच जमलं माहं." म्हातारीला काही कळलं नाही, पण ती आत येऊन जेवायला बसली.

मंजुषाने हात खोलून सुकवला, एक तुकडा बदलला, आणि दिवाळीच्या तीन दिवस आधी तुळसाबाईला वाशिमला बोलावलं. यादीतला पुढचा माणूस बाहेर बाकावर बसलेला होता. त्याच्याकडं न बघता ती आत गेली. हात चढवला, बाटली धरली. मग तिनं पदराची गाठ सोडली, हरभरा डाव्या मुठीत घेतला आणि टेबलावरच्या ताटलीवर सोडायला लागली. दाणे ताटलीत टणटणत पडत होते. कुर्र झालं. काळी बोटं उघडली. बाटली टेबलावर पडून घरंगळली.

"मावशी!" मंजुषा ओरडली आणि टाळ्या वाजवायला लागली.

तुळसाबाईला टाळ्या ऐकू आल्या नाहीत. तिची मूठ उघडली होती, तिची स्वतःची. नखं तळव्यातून निघाली, बोटं लांब झाली, आणि सहा वर्षं कोंडलेल्या तळव्याला वारा लागला. इतकं सुख तिला आता सासरी असलेली लेक झाली तेव्हाही झालं नव्हतं. अनसिंगच्या बसमध्ये भागवतने जिलेबीचा पुडा काढला तेव्हा तिनं नव्या हाताने एक तुकडा उचलून त्याच्या तोंडापाशी नेला आणि चारचौघांत तो लाजला.

दिवाळीच्या आंघोळीला कस्तुराबाई तिच्या खांद्याला तेल लावत होती. थोटक्या कोपराशी आली तशी नेहमीसारखी हळू झाली. "दुखते का वं?"

"नाई," तुळसाबाई म्हणाली, आणि मग तिनं सहज मनातून हात चाचपला. करंगळी लागली नाही. अंगठा नाही. तळवा नाही. पायरी असेल म्हणून अंधारात पाय टाकावा आणि ती नसावी, तसं झालं. कोपराखाली चार बोटांवर हात संपत होता आणि त्यापुढं काहीच नव्हतं.

तिनं दिवसभर वाट पाहिली, दोन दिवस पाहिली. मग मंजुषाला फोन केला. "होतं असं, मावशी," ती आनंदाने म्हणाली, "मेंदू आता नवीन हाताला आपला मानायला लागला. चांगलं लक्षण आहे." असेलही. शिकलेली पोरगी, ती खोटं कशाला बोलेल? पण ज्या हाताने बापाच्या धोतरावर ज्वारी सोडली तो या बाईपाशी एवढे दिवस फक्त दुखण्याच्या रूपाने उरला होता, आणि तिनं तोही सोडून दिला होता. ते दुखणं परत मिळत असतं तर तिनं पदर पसरला असता. हे ती कुणाला सांगणार? गाव हात बघायला येत होतं.

हरभऱ्याच्या पेरणीला भागवतने ट्रॅक्टर सांगितला नाही. न विचारता त्याने गोठ्यातली तिफण उतरवली, चाडं पुसलं आणि बैल जुंपले. तुळसाबाईने नव्या हातात बी घेतलं. तीन पावलं गेली आणि मन म्हणालं, सुटू दे. हात कुर्रकन सगळाच उघडला. चाड्यात ढीग पडला, नळ्या तुंबल्या. पुन्हा तेच. हुकूम ऐकणाऱ्याला मिटणं आणि उघडणं एवढंच येत होतं, त्यांच्या मधलं काही येत नव्हतं. आणि पेरणं सगळं मधल्यातच असतं. मग तिनं नव्या हातात बियाण्याच्या पिशवीचे बंद धरले, तो मुकाट्याने धरून राहिला, आणि डावा हात चाड्यावर ठेवला. बी सुटायला लागलं. पहिल्यासारखं नाही, पण सुटत होतं.

अर्धं शेत झाल्यावर ती थांबली. भागवतने बैल थांबवले.

"कुठी पुरला होता?" तिनं विचारलं.

काय, असं त्याने विचारलं नाही. कासरा तिफणीला गुंडाळला आणि बांधाकडं चालायला लागला. दरवर्षी ट्रॅक्टरवाल्याला सोडायला लावायचा त्या कोपऱ्यात, हिवराच्या झाडाखाली, एक सपाट दगड होता. "इथी," तो म्हणाला. "फण लागला नाई पाह्यजे म्हणून सोडत होतो."

तुळसाबाई खाली बसली आणि रडली. दवाखान्यात रडायची राहिली होती ती सगळी रडली, मोठ्याने, बैलांनी मान वळवून बघावं इतकी. भागवत शेजारी उकिडवा बसला. "उघडली ना आता," तो चाचरत म्हणाला, "मंग काहून रडून राह्यली?"

"माहा हात गेला, हो," ती म्हणाली. "माहा हात गेला."

त्याने नुसता तिच्या पाठीवर हात ठेवला.

मग तिनं डोळे पुसले, दगड बाजूला केला, बोटभर माती उकरली. डाव्या हाताने पिशवीतला हरभरा घेतला आणि नव्या हाताच्या मुठीत भरला. काळी मूठ त्या जागेवर धरली. उघडायला तिला आता मनधरणी करावी लागली नाही. बी एकदम पडलं, एकाच ठिकाणी, ढिगाने. सगळ्या शेतात तेवढीच एक जागा होती जिथं ते तसं पडलं तरी चालणार होतं.

भागवतने वरून माती लोटली. तुळसाबाई उठली आणि लुगडं झटकलं.

"चला," ती म्हणाली, "ओल उडून राह्यली."